हाताबाहेरचं कारण

आमच्या विद्यापीठात आज्या फार मरतात. निकाल लागला की एकेक करून जायला लागतात. मागे एकाची आजी लागोपाठ दोनदा गेली, तेव्हा मीच त्याला म्हटलं, "अरे, या वेळी आजोबांचं बघ."

थट्टा नाही, माझं कामच आहे ते. सारखं नापास होणाऱ्यांना अजून एक सत्र द्यायचं की घरी पाठवायचं, हे एक समिती ठरवते. मी सल्लागार, मुलांना समितीपुढे उभं राहण्यासाठी तयार करते. नियम एकच. नापास होण्याचं कारण विद्यार्थ्याच्या हाताबाहेरचं हवं. त्यामुळे मी अभ्यासाचं काही विचारतच नाही. दार लावते आणि विचारते, "घरी सगळं ठीक ना?" आणि ठीक नसावं अशी मनातल्या मनात आशा करते.

त्या दिवशी सकाळपासूनच डोकं उठलं होतं. संख्याशास्त्राची एक मुलगी समोर बसली होती. तिचे वडील बाहेर बाकावर होते.

"घरी कोणी आजारी?"

"नाही."

"तुला झोप लागते?"

"छान लागते."

"प्रेमाबिमाचं काही?"

"नाही हो मॅडम. मला विषयच समजत नाही. सुरुवातीलाच काहीतरी सुटलं, आणि पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे."

"हे आत बोलू नकोस."

"मग काय बोलू?"

"आठव काहीतरी!" माझा आवाज चढला. अशा मुलांचा मला राग येतो. मी हात पुढे करायचा आणि यांनी आपले खिशात घालून उभं राहायचं.

समितीच्या खोलीतला पंखा बंद होता. अध्यक्ष संख्याशास्त्राचेच प्राध्यापक. तिला त्यांनीच शिकवलं होतं, पण एवढ्या मोठ्या वर्गातला चेहरा त्यांच्या लक्षात कुठून राहणार? तिने आतही तेच सांगितलं.

"समजत नव्हतं तर विचारायचंस," ते म्हणाले.

"विचारलं होतं सर. हे शाळेतच यायला हवं होतं, असं म्हणालात."

अध्यक्ष चष्मा पुसू लागले. समितीवरच्या डॉक्टरीणबाईंना तिची दया आली असावी. त्या पुढे वाकून म्हणाल्या, "बाळ, ताण येत असेल ना तुला? छातीत धडधडतं?"

सगळ्यांनी माना वर केल्या. ताण हाताबाहेरचा असतो. तिने नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. तिला दिसावं म्हणून मी माझीच मान हलवून पाहिली.

"नाही. मी ठीक आहे," ती म्हणाली. "कुणी पहिल्यापासून शिकवलं तर मला येईल."

शिकवणं समितीच्या अखत्यारीत येत नाही, असं अध्यक्ष म्हणाले. ते खरंच होतं. निर्णय झाला: एक वर्ष बाहेर, आणि परत येताना कारण दूर झाल्याचा दाखला.

"कसला दाखला?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. ते कुणालाच माहीत नव्हतं. अध्यक्ष म्हणाले, पुढच्याला बोलवा.

बाहेर वडील उठून उभे राहिले. बस चालवतात ते. मी त्यांना निकाल सांगितला.

"वर्षानं आल्यावर पहिल्यापासून शिकवतील का तिला?"

"नाही. वर्ग तोच, सरही तेच."

त्यांनी जरा विचार केला. "आत्ता आत गेलेल्या पोराला काय मिळेल?"

"एक सत्र. त्याची आजी गेली." मी इतकी दमले होते की खरं काय ते सांगून टाकलं. "तुमच्या घरी कुणी आजारी असतं तर हिलाही मिळालं असतं."

"मग मी आहे की!" ते म्हणाले. "आज आजारपणाचीच रजा टाकून आलोय. तुम्ही आधी सांगायचंत ना मॅडम."

"बाबा, चला," मुलगी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

ते हलले नाहीत. "अजून चालेल का?" त्यांनी मला हळूच विचारलं. "मला खोकता येतं."

ते थट्टा करत नव्हते. आणि मला लाज वाटली ती याची, की मी खरोखरच वळून दाराकडे पाहिलं.