बादली धरलेली बाई

"मग खाली नाव काय लिहायचं?" इतिहास मंडळाच्या सेक्रेटरीबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं. प्रदर्शन परवावर आलं होतं आणि घोडं एकाच फोटोपाशी अडलं होतं.

पुरावेकाकांनी डोळ्यापुढचं भिंग काही खाली घेतलं नाही. फोटोत जुन्या दवाखान्यासमोर डॉक्टर, नर्स, कंपाउंडर असे अकरा जण रांगेत उभे होते, आणि उजव्या कडेला बादली धरलेली एक बाई. तिचा डावा खांदा जरा वर होता. त्या खांद्यावरूनच त्यांनी ओळखलं. ते नऊ वर्षांचे असताना आई गेली. घरात तिचा एकही फोटो नव्हता, आणि हल्ली तिचा चेहरा आठवायला जावं तर नुसता खांदाच आठवायचा.

"आई आहे माझी," ते म्हणाले.

"मग लिहून टाकू?"

"दुसरी साक्ष मिळू दे आधी."

नियम त्यांचाच. पोस्टमनकीतून निवृत्त होऊन मंडळात आले, त्याच वर्षी त्यांनी तो घालून दिला होता. फोटोतला माणूस दोघांनी ओळखला पाहिजे, त्यातला एक तरी घरचा नको, आणि साक्षीदाराला आपण काही सुचवायचं नाही. या नियमापायी त्यांनी नगराध्यक्षांच्या आजोबांनाही भिंतीवरून खाली उतरवलं होतं. गावानं 'पुरावेकाका' नाव ठेवलं ते काही उगाच नाही. आता मात्र आपलेच दात आणि आपलेच ओठ.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सायकल काढून ते कंपाउंडरकडे गेले. त्या रांगेतले तेवढेच हयात होते, वय एक्क्याण्णव.

"ही होय?" कंपाउंडर फोटो डोळ्यांजवळ नेत म्हणाले. "होती बुवा. कामाला वाघ. आम्ही तिला बादली म्हणायचो."

"नाव काय हिचं?"

"नाव कोण विचारतंय. 'ए बादली' म्हटलं की यायची."

काकांच्या जिभेवर आईचं नाव आलं होतं. पण सुचवायचं नाही म्हणजे नाही. ते तसेच परतले, चढावर सायकल हातात धरून.

मंडळाच्या जिन्याखाली इस्त्रीवालीचं दुकान होतं. प्रदर्शनाच्या टेबलांवरच्या चादरी द्यायला ती वर आली, तेव्हा सेक्रेटरीबाईंनी तिला सगळं सांगून टाकलं.

"आणा इकडे, मी करते सही," ती म्हणाली. "मी बघितलंय हिला."

"तुमचा जन्म तरी झाला होता का तेव्हा?" काका म्हणाले.

"नव्हता. पण तुम्ही खोटं बोलणार नाही, एवढं मला ठाऊक आहे. बास झालं की."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. गेल्या वर्षी हीच बाई याच टेबलासमोर उभी होती. पुलाच्या मजुरांच्या फोटोतला फावडंवाला माझा बाप आहे, असं सांगत होती. त्यांनी तिला दुसरी साक्ष आणायला सांगितलं होतं, आणि आणायला कुणी उरलंच नव्हतं. त्यांना मनापासून लाज वाटली.

"सही नको," ते हळूच म्हणाले. "माझंच चुकलं होतं त्या वेळी."

"चुकलं कुठलं. तुमचा नियम आहे," ती चादरी मोजत म्हणाली.

ती गेल्यावर त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात चिठ्ठी लिहिली : 'उजवीकडे, बादली धरलेली स्त्री. नाव ठाऊक नाही.' मग कपाटात वर्षभर पडून राहिलेला पुलाचा फोटो काढला आणि दुसरी लिहिली : 'डावीकडे, फावडं धरलेला पुरुष. नाव ठाऊक नाही.' दोन्ही फोटो त्यांनी एकाच भिंतीवर, शेजारी शेजारी लावले.

उद्घाटनाच्या दिवशी पाहुणे यायच्या आधीच इस्त्रीवाली वर आली. तिनं दोन्ही चिठ्ठ्या सावकाश वाचल्या. काका दाराशी उभे होते. त्यांच्याकडे न बघता तिनं खांद्यावरचं फडकं काढलं आणि आधी त्यांच्या आईची काच पुसली, मग आपल्या बापाची.