दुसऱ्या पट्टीवरचा थेंब

हळ्ळीखेडात आमच्या घरी माझ्या शब्दापुढं कोणी जात न्हाई. माझी सून नेत्रावती तर न्हाईच न्हाई. तिथंच घात झाला.

सोमवारी सुधारानी नर्स घरी आली. तिच्याजवळ साखर बघायच्या मशीनएवढंच मशीन होतं, पण हे रक्ताच्या थेंबातून बाईच्या पोटातल्या कॅन्सरचा माग काढतं म्हणे. तिनं नेत्रावतीचं बोट टोचलं, थेंब पट्टीवर घेतला आन् माझ्याकडं वळली.

"माझी लिंगपूजा व्हायचीय," मी म्हणाले. "पूजेआधी रक्त सांडू देत न्हाई मी."

"बरं निलम्माअक्का, तुमची पट्टी आन् सुई ठेवते. पूजा झाली की थेंब टाका. शेजारचं घर करून येते."

पूजा पहाटेच झाली होती. खरं म्हणजे मी भ्याले. पण ते सुनेला सांगू?

"टोच तुझंच बोट," मी म्हणाले. "मला काय धाड भरलीय? आन् कुणाला सांगायचं न्हाई."

तिनं मुकाट्यानं दुसरं बोट टोचलं आन् थेंब माझ्या पट्टीवर टाकला.

सुधारानीनं येऊन दोन्ही पट्ट्या मशीनला लावल्या. दोन्ही वेळा आकडा वर गेला.

"मशीन कधी चुकतंय बी अक्का, मोठ्या दवाखान्यात पक्कं करा. पण एका घरात दोघी? उशीर करू नका."

एकदा चुकलं असतं. दोनदा कसं चुकंल? रक्त एकीचंच होतं.

चार महिन्यांपासून नेत्रावती अर्ध्या भाकरीतच पोट भरलं म्हणायची. मी त्याला नखरे म्हणायचे. आता ती भाकरी थापता थापता पोट दाबून थांबायची आन् मी दुसरीकडं बघायचे.

बुधवारी माझा लेक नागेंद्र म्हणाला, "अव्वा, उद्या तुला कलबुर्गीच्या मोठ्या दवाखान्यात नेतो. वय झालंय, आधी तू. हिला दिवाळी झाल्यावर नेऊ. दोघी गेलात तर लेकरांकडं कोण बघंल?"

"व्हय, अव्वांनाच आधी न्या," नेत्रावती म्हणाली.

"तोंड हाय का न्हाई तुला?" मी ओरडले. "कामून गप बसलीस?"

"तुम्हीच म्हणलात, सांगायचं न्हाई."

"नागेंद्रा, माझं रक्त कोणी घेतलंच न्हाई. दोन्ही थेंब हिचेच."

त्याला समजायला वेळ लागला. समजल्यावर त्यानं माझ्याकडं पाठ फिरवली. "पिशवी भर," तिला म्हणाला.

ती उठली आन् दारात थांबून मलाच विचारू लागली, "अव्वा, किती दिवसांची लुगडी घेऊ?"