उमाच्या लग्नाची जमीन

माझ्या लग्नासाठी पडेगावची जमीन विकली, असं सरकारी शिक्क्याच्या खरेदीखतात लिहिलेलं आहे. लग्न तेवढं राहून गेलं. मी आता पंचेचाळीस वर्षांची आहे, शाळेत भूगोल शिकवते आणि सदाशिवदादाच्या फ्लॅटमध्ये राहते.

जमीन आजोबांची, म्हणजे आम्हा तिघा भावंडांची सामाईक. मागच्या दुष्काळात विहीर आटली, शहर तर सरकत सरकत बांधापर्यंत आलंच होतं. दादानं कुणालाही न विचारता ती एका प्लॉटवाल्याला देऊन टाकली आणि त्या पैशांत फ्लॅट घेतला. धाकट्या श्रीरंगनं दावा लावला. तेव्हापासून आमचं घर तारखांवर चालतं. कधी साक्षीदार आजारी, कधी न्यायाधीशांची बदली. नुसता वैताग. आता पुन्हा दुष्काळ आहे, नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं आणि त्यात माझी साक्ष निघाली.

दादाच्या वकिलांनी औरंगपुऱ्यातल्या ऑफिसात मला समोर बसवून समजावलं. "घरातल्या मोठ्या माणसाला सामाईक जमीन मर्जीनं विकता येत नाही, ताई. घराची तशी गरज असावी लागते. बहिणीचं लग्न ही गरज. फ्लॅट ही गरज नाही. तुम्ही एवढंच सांगायचं, तेव्हा स्थळ आलं होतं, पण जमलं नाही."

"आणि नाही सांगितलं तर?"

दादा चहाच्या कपात बघत म्हणाला, "व्यवहार मोडेल. प्लॉटवाला पैसे मागेल. फ्लॅट जाईल, उमे. मग तू कुठं राहणार?"

माझं डोकं फिरलं. भांडायचं यांनी आणि कोर्टात उभं करायचं माझ्या न झालेल्या लग्नाला! जमीन माझीही होती. दाव्यात माझं नाव आहे, ते रीत म्हणून. पण बोलून उपयोग नाही हे मला केव्हाच कळलं आहे. मी गेले.

स्थळ आलं होतं, असं मी सांगितलं. मग श्रीरंगचे वकील उठले. तरुण होते, हुशारी दाखवायची हौस होती.

"मुलाचं नाव?"

"पुंडलिक."

"काय करायचे?"

"आमच्याच शाळेत क्लार्क होते. लासूर स्टेशनहून रोज रेल्वेनं यायचे."

"दिसायला कसे होते?"

मागं कुणीतरी हसलं.

"सावळे. फार उंच नव्हते. आधी खोकायचे, मग बोलायचे."

"मग जमलं का नाही?"

"घरी विचारायला येऊ का, म्हणाले. दुसऱ्या दिवशी मीच त्यांना नको म्हणून सांगितलं."

"का?"

वकील आणखी पुढं सरकले, तेवढ्यात श्रीरंगनं उठून त्यांची बाही धरली. "राहू द्या साहेब. बास झालं." मी खोटं बोलतेय अशी त्याची खात्री होती, तरी बहिणीची फजिती त्याला पाहवेना. मला त्याचं बरं वाटलं, आणि रडूही आलं.

बाहेर पार्किंगमध्ये श्रीरंग गाडीपाशी उभा होता, जात नव्हता. दादा मात्र कितीतरी महिन्यांनी मोकळा हसला.

"काय बेमालूम बोललीस गं उमे! नाव, गाव, खोकला. ऐनवेळी सुचलं कुठून?"

मी फार थकले होते. आणखी एक गोष्ट पोटात ठेवायचं त्राण नव्हतं.

"सुचलं नाही दादा. होते ते."

त्याचं हसू तसंच राहिलं. "मग घरात बोलली का नाहीस?"

"बोलायलाच आले होते त्या संध्याकाळी. तू आणि वहिनी फ्लॅटचा नकाशा पसरून बसला होता. मला बघून तू हाक मारलीस. म्हणालास, ये उमे, ही बघ तुझी खोली. आता तुझी जन्माची काळजी मिटली."