सलूनसमोरचा आखाडा

मी एक आखाडा बोलतोय. लाल मातीचा नव्हे हं, मारामारीच्या एका व्हिडिओ गेममधला. पुढे दोन पहिलवान एकमेकांना बडवत असतात आणि त्यांच्या मागे जे दिसतं ना, रस्ता, दुकान, विजेचा खांब, ते सगळं मी. खेळणारे मला 'स्टेज' म्हणतात. काहीही म्हणा, धिंगाणा माझ्याच दारात चालतो.

गेमचा पहिला भाग निघाला तेव्हा माझा जन्म झाला. मला काढणाऱ्या चित्रकाराने आपल्या वडिलांचं सलून जसंच्या तसं उचलून माझ्यात ठेवलं. उंच खुर्ची, टवका उडालेला आरसा, खुंटीवरचा टॉवेल आणि तुमच्याकडे पाठ करून गिऱ्हाइकाची दाढी करणारा न्हावी. लहानपणी रस्त्यावर भांडण जुंपलं की हा चित्रकार दारात धावायचा आणि वडिलांना बघायला बोलवायचा. ते मान न वळवता म्हणायचे, "तू बघ. माझ्या वस्तऱ्याखाली माणूस आहे."

म्हणून माझा न्हावीसुद्धा कधी वळला नाही. पुढे कुणी आग ओको, कुणी हवेत कोलांटी मारो, त्याची दाढी चालूच. तेव्हाच्या मशीनमध्ये जागाच इतकी तुटपुंजी की त्याचा एक हात काय तो हलायचा. आरशात त्याचा चेहरा मावला नाही, तिथे नुसता करडा रंग फासला होता. पण मी रुबाबात होतो.

घरोघरी माझ्यासमोर भांडणं झाली. एका घरात ताई डोळे मिटून हाताला येतील ती बटणं दाबायची आणि धाकट्या भावाला लोळवायची. तो पाय आपटत म्हणायचा, "हे स्टेजच पनवती आहे!" हरल्यावर माणसं बटणांना दोष देतात, खुर्चीला देतात, मला देतात. स्वतःच्या बोटांना दोष देणारा अजून मला भेटायचाय.

पुढच्या भागांत मला डच्चू मिळाला. माझ्या जागी ज्वालामुखी आले, धबधबे आले, एक अवकाशयानही आलं. मी कुठल्याशा कपाटातल्या जुन्या डिस्कवर पडून राहिलो. राग यायचा. का येऊ नये? ज्वालामुखीला कुणाची दाढी करता येते का?

मग नव्या भागात जुनी स्टेज परत आणायची टूम निघाली आणि माझी आठवण झाली. मला नवं अंग मिळालं. भिंतीला पोपडे, साबणाला खराखुरा फेस, खुर्चीच्या रेक्झिनला भेगा. मी खूश होतो. तेवढ्यात या भागाचे मुख्य साहेब माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"मागची माणसं अगदीच थंड वाटतात. त्या न्हाव्याला वळवा, टाळ्या वाजवू दे. जमत नसेल तर सलून काढा आणि तिथे एखादं चकाचक हॉटेल लावा."

माझा चित्रकार आता पिकला होता. सगळं ऑफिस त्याला काका म्हणायचं. तो म्हणाला, "साहेब, तो वळणार नाही."

"काका, ते तुमच्या वेळी. आता लोकांना जोश लागतो."

काका आपल्या टेबलाकडे परतले. त्यांचे वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती, खरं सलूनही कधीच पाडलं होतं. ते आता फक्त माझ्यात उरलं होतं. मला मात्र गप्प बसवेना. टाळ्या? माझ्या सलूनमध्ये? त्यापेक्षा मला पुसून टाका!

पण हुकूम तो हुकूम. चित्रं हलती करणाऱ्या मुलीने मनाविरुद्ध न्हाव्याला वळवलं. चाचणीसाठी बाहेरची माणसं खेळायला बोलावली. त्यांत पहिला भाग खेळत मोठा झालेला एक बसड्रायव्हर होता. पहिला ठोसा बसला, न्हावी गर्रकन वळला आणि टाळ्या पिटू लागला. त्याच्या हातातला वस्तरा काढून ठेवायचं मात्र राहून गेलं होतं. प्रत्येक टाळीला वस्तरा गिऱ्हाइकाच्या गळ्यातून आरपार! आणि गिऱ्हाईकही तोंडाला फेस फासून टाळ्या वाजवतंय.

मी काही केलं नाही, शप्पथ. पण मला आनंद झाला, तो कशाला लपवू?

खोलीत हशा पिकला. काका हसले नाहीत. "माझ्या बापाने जन्मात कुणाला ओरखडासुद्धा काढला नाही," एवढंच म्हणाले.

हसू जागच्या जागी विरलं. बसड्रायव्हरने हातातला कंट्रोलर खाली ठेवला. "साहेब, तो बघायचा नाही म्हणून तर आम्ही त्याला बघायचो. मी हरलो, रडलो, तरी त्याचं काम चालूच. बरं वाटायचं हो. वाटायचं, एवढं काही बिघडलं नाही."

साहेबांनी स्वतःची हनुवटी खाजवली. "बरं. राहू दे त्याला तसाच. पण तो आरसा तेवढा रिकामा नको."

मुलीने खुर्ची जवळ ओढली. "काका, आरशात चेहरा कुणाचा घालू?"

काकांनी तिच्या हातातून पेन घेतलं आणि चेहरा स्वतः काढला. ओठ घट्ट मिटलेले, डोळे खाली, गिऱ्हाइकाच्या कानाजवळच्या नाजूक जागेवर. पहिल्या भागात ज्याच्यासाठी जागा नव्हती तो हाच. काढून झाल्यावर काका बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. त्याने मान वर केली नाही.

तर मी परत आलोय आणि कुणाच्या मेहेरबानीवर नाही. या, मनसोक्त लढा. माझा खांब वाकवा, काचा फोडा, हरलात तर खुशाल मला पनवती म्हणा. फक्त आतल्या माणसाला हाक मारू नका. त्याच्या वस्तऱ्याखाली माणूस आहे.