दोन थांब्यांचं विमान

तिकीटवाल्याने स्क्रीन थोरलीकडे वळवला आणि पेनाच्या टोकाने एका ओळीवर टिचकी मारली.

"हे बघा ताई. अंतर साडेअकरा हजार किलोमीटर. सरळ विमानाने चौदा तास. तुमच्या भावाने दोन थांब्यांचं घेतलंय, एकतीस तासांचं."

"सरळ विमानात जागा नसेल."

"होती की. काल मीच एकाला काढून दिली."

थोरलीने घड्याळाकडे पाहिलं. आई आजची रात्र काढेल याची खात्री नाही, असं डॉक्टरांनी सकाळीच बजावलं होतं, आणि धाकटा उगवणार होता उद्या दुपारी.

"आता ते पहिल्या थांब्यावर आहेत," तिकीटवाला म्हणाला. "तिथून तासाभरात दुसरं विमान आहे. बदललं तर आज रात्री अकराला पोचतील. वीस मिनिटांत सांगा, तोवर जागा धरतो."

तिने दुकानाच्या पायरीवरूनच धाकट्याला फोन लावला. शाळेच्या वेळी त्याला कधी चपला सापडायच्या नाहीत. चाळिशीतही सापडत नसाव्यात.

"राहू दे ताई," सगळं ऐकून तो म्हणाला. "आहे त्यानेच येतो."

"राहू दे? आई इथे शेवटच्या घटका मोजतेय आणि तू बाकड्यावर पाय पसरून बसणार?"

"तू बाबांशी बोल." त्याचा आवाज रडवेला होता. त्याने फोन ठेवून दिला.

हॉस्पिटल रस्त्यापलीकडेच होतं. वॉर्डाबाहेरच्या बाकावर वडील ताठ बसले होते. बसडेपोत गाड्या वेळेवर सोडण्यात त्यांची हयात गेली होती. पाच मिनिटं उशीर झाला तरी ड्रायव्हरची खरडपट्टी काढणारा माणूस.

"बाबा, धाकट्याला जरा झापा. लवकरचं विमान मिळतंय तर घेत नाही."

"मीच सांगितलं त्याला," ते म्हणाले. "थांबत थांबत ये म्हटलं."

"काय?"

त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला.

"डॉक्टर परवाही हेच म्हणाले होते. रात्र निघाली. कालचीही निघाली. तिचा जीव त्याच्यात अडकलाय गं. तो दिसला की ती सुटेल."

"आणि तो यायच्या आधीच गेली तर? दोघांची भेटच व्हायची नाही!"

"नाही जाणार. पंचेचाळीस वर्षं बघतोय तिला."

"तुम्ही फक्त स्वतःचा विचार केलात, बाबा."

"हो," ते म्हणाले. "एक दिवस जास्त मिळावा म्हणून केला."

तिला त्यांचा भयंकर राग आला. ती तडक आत गेली.

आईचा हात चादरीवर हलका पडला होता. थोरलीने तो हातात घेतला तशी आईने डोळे उघडले. ओठ हलले. थोरलीने कान जवळ नेला.

"आला?"

पर्समधला फोन थरथरू लागला. तिकीटवाल्याचा होता. वडील दारात येऊन उभे राहिले होते, पण आत यायचं त्यांना धाडस होत नव्हतं. फोन थांबला, पुन्हा थरथरू लागला. तिने तो काढून बंद केला आणि उशीपाशी स्टूल ओढून बसली.

"अजून लांब आहे गं तो," ती म्हणाली. "उद्या दुपारपर्यंत दम धर."