जस्त पुरेसे

प्रयोगशाळेत त्यांना तोंडावर ‘साहेब’ म्हणत आणि पाठीमागे ‘परत-एकदा’. कुठलाही आकडा आला की ते चष्मा कपाळावर सरकवून म्हणत, “परत एकदा करून बघू.” एकतीस वर्षं त्यांनी लोकांच्या शेतांतली माती वाळवली, कुटली, चाळली आणि कुठलं खत किती टाकायचं ते लिहून दिलं. घाईत गेलेला कागद त्यांच्या हातचा एकही नाही, हे वरिष्ठही कबूल करत. फक्त जरा कंटाळून करत.

त्या दिवशी सकाळी नऊला जो आकडा आला, तो बघून मात्र त्यांनी चष्म्याला हात लावला नाही. ते स्टुलावर बसून राहिले.

दर वर्षी दुसऱ्या एका प्रयोगशाळेकडून मातीची पुडी येई. तिच्यात काय किती आहे ते पाठवणाऱ्यांना ठाऊक असे आणि उत्तर बंद पाकिटात असे. आपण मोजायचं, मग पाकीट फोडून ताडून बघायचं. एरवी ती माती चाळलेलीच येई. यंदा त्यांनी ढेकळंच पाठवली होती, म्हणून ती इथे कुटून चाळावी लागली. बाकी सगळं जुळलं. जस्त पाकिटात लिहिलं होतं ०.४, साहेबांच्या यंत्राने दाखवलं १.९. सहा दशांशाच्या खाली गेलं की जमिनीत जस्त कमी, असा हिशेब. म्हणजे जी माती जस्तावाचून उपाशी होती, तिला त्यांनी पोट भरल्याचा दाखला दिला होता.

“साहेब, चहा गार झाला,” माती कुटणाऱ्या मावशी म्हणाल्या. साहेबांची नजर चाळणीवर आहे असं बघून त्या पुढे म्हणाल्या, “ही जाळी बसवलीत ते बरं केलंत हो. ती प्लॅस्टिकसारखी होती ना, तेव्हा माझे हात मोडून यायचे.”

साहेबांनी चाळणी उचलून उजेडाला धरली.

जुनी नायलॉनची जाळी तीन वर्षांपूर्वी फाटली होती. नवीसाठी त्यांनी दोन अर्ज केले. तिसऱ्यांदा भांडारपालाच्या टेबलापुढे जाऊन उभं राहणं त्यांच्या जिवावर आलं. त्या माणसाच्या जेवणाच्या वेळेलाच आपण नेमके जातो असं त्यांना वाटे. शेवटी त्यांनी चाळणी पिशवीत घालून कोपऱ्यावरच्या पत्रेवाल्याकडे नेली. त्याने चांगली चकचकीत जाळी बसवून दिली. “आयुष्यभर गंजणार नाही,” तो म्हणाला. गंजणार नव्हतीच. तिच्या तारेवर जस्ताचा मुलामा होता.

तेव्हा इथे नत्र, स्फुरद आणि पालाश एवढंच मोजत, आणि त्याला त्या तारेने काही बिघडत नव्हतं. जस्त मोजायचं यंत्र वर्षभराने आलं. त्याच्याबरोबर आलेली रसायनं, नळ्या, बाटल्या साहेबांनी तीन-तीनदा तपासल्या. चाळणी तपासायचं कुणाच्या मनात आलं नाही. ती आता घरच्यासारखी झाली होती.

त्यांनी घड्याळाकडे बघितलं. दहा वाजता दाजींच्या बागेत जेसीबी येणार होता.

दाजी म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीचे यजमान. संत्र्याची दीडशे झाडं, चौदा वर्षांची. गेल्या दोन हंगामांत पानं बारीक झाली, शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा पडू लागला, फळं बोराएवढी राहू लागली. असं दोन कारणांनी होतं. एक म्हणजे जस्ताची कमतरता, जी फवारून भरून निघते. दुसरा एक रोग, ज्याला औषध नाही आणि जो किड्यांमार्फत शेजारच्या बागांत शिरतो. तिथे झाडं उपटून जाळणं एवढंच हातात उरतं. बागांच्या सल्लागाराने फोनवर विचारलं होतं, “माती काय म्हणते?” दाजींनी अहवाल वाचून दाखवला होता: जस्त पुरेसे. “मग रोगच. काढून टाका,” सल्लागार म्हणाला होता.

तरीही दाजींनी मेव्हण्यांना फोन केला होता; थट्टेने ते त्यांना डॉक्टर म्हणत. “डॉक्टर, तुमच्या कागदावर एवढी झाडं मारू का? नक्की ना?” आणि साहेबांनी नमुना परत एकदा चाळून, परत एकदा मोजून सांगितलं होतं, “नक्की.”

आता फोन करायला हवा होता. त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि हातातच धरला. दोष चाळणीचा आहे हे अजून सिद्ध कुठे झालं होतं? कदाचित पाकिटातलाच आकडा चुकीचा असेल. एकदा ‘नक्की’ म्हणून आता ‘बहुतेक नाही’ म्हणायचं, आणि तेही चुकीचं निघालं तर शेजाऱ्यांच्या बागांत रोग पसरल्याचं पाप आपल्या डोक्यावर. त्यांनी ठरवलं, आधी बघायचं, मग बोलायचं.

त्यांनी आम्लात धुतलेली स्वच्छ वाळू घेतली. तिचे दोन भाग केले. एक त्या जाळीतून चाळला, दुसरा तसाच ठेवला. दोन्ही बाटल्यांत भरून द्रावण घातलं आणि बाटल्या हलवणीवर, म्हणजे त्या हलवत ठेवणाऱ्या यंत्रावर, चढवल्या. जस्त मातीतून सुटायला दोन तास हलवावं लागतं. पंधरा मिनिटांत काम भागवणारेही लोक असतात. साहेबांनी एकतीस वर्षांत एकदाही ते केलं नव्हतं.

हलवणी खडखडत राहिली. पावणेदहा, दहा, सव्वादहा झाले.

“कुणाला फोन लावायचाय का?” मावशींनी विचारलं. “मघापासून हातात घेऊन बसलाय.”

“लावायचाय. जरा खात्री होऊ द्या.”

“खात्री काय, फोन लागला की होते,” मावशी म्हणाल्या आणि कुटायला वळल्या.

पावणेबाराला आकडे आले. न चाळलेल्या वाळूत जवळजवळ शून्य. चाळलेल्या वाळूत दीड.

त्यांनी दाजींना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. ताईचा लावला, तोही तसाच. जेसीबीच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार? ते स्कूटर काढून निघाले. एरवी चाळिशीच्या वर काटा न जाऊ देणारा हा माणूस, त्या दिवशी त्याने काट्याकडे बघितलंच नाही.

बागेच्या कडेला स्कूटर टेकवली तेव्हा तीन ओळी उभ्या होत्या. बाकीची झाडं मुळं वर करून आडवी पडली होती. ताई बांधावर पदर तोंडाला लावून उभी होती, धुळीमुळे असेल. दाजी ड्रायव्हरला हाताने खुणा करत होते.

“या डॉक्टर,” ते म्हणाले. “पेशंट संपत आले. राहिलेत त्यांना भेटून घ्या.”

“दाजी, थांबवा त्याला.”

दाजींनी हात वर केला. जेसीबी गुरगुरत जागीच उभा राहिला.

साहेबांनी सांगितलं. वाटेत जुळवलेली वाक्यं सगळी विसरली, तरी सांगायचं ते सांगून झालं: जाळी, तार, वाळू. बोलता बोलता त्यांनी आडव्या फांदीचं एक पान तोडून मधल्या शिरेवर दुमडलं. दोन्ही बाजूंचा पिवळेपणा एकमेकांवर बरोबर बसला. रोगात तसा बसत नाही; ठिपके वेडेवाकडे असतात. हे त्यांना पुस्तकातून माहीत होतं. पान बघायला ते एकदाही आले नव्हते.

“म्हणजे रोग नव्हता,” दाजी म्हणाले.

“नव्हता.”

“काय करायला हवं होतं?”

“दोन फवारण्या. पुढच्या बहराला पानं...”

दाजींनी मान हलवली, कुणी बाजारभाव सांगितल्यासारखी. मग ड्रायव्हरकडे वळून म्हणाले, “चालू कर रे.”

“दाजी, या तीन ओळी जगतील.”

“जगतील ना. आणि मी रोज सकाळी दार उघडलं की त्यांचं तोंड बघू?” त्यांचा आवाज चढला नव्हता. “मला नाही जमायचं ते, मेव्हणे. चालू कर म्हणतो ना.”

यंत्राचा दात पहिल्या झाडाच्या बुडाशी गेला. ताई बांधावरून उतरून भावाजवळ आली.

“तुला कधी कळलं?”

“शंका आली नऊ वाजता.”

“हा दहाला आला. पहिलं झाड पाडायला साडेदहा झाले. यांनी चहा घेतला, त्यालाही दिला. फोन का नाही केलास?”

“खात्री नव्हती, ताई.”

“आणि पाडा म्हणालास तेव्हा होती.”

ताईने पडणाऱ्या झाडांकडे बघितलं.

“अजून किती जणांना दिलेत असे कागद?”

“सहाशे चौदा.”

“त्यांतल्या कुणी आज जेसीबी बोलावला असेल तर?”

“कार्यालयात जाऊन वरिष्ठांना सांगतो. सगळ्यांना पत्रं काढायला...”

“पत्र नको काढूस. नंबर आहेत तुझ्याकडे?”

मोबाइलमध्ये पन्नास-साठ होते. ज्यांनी अहवाल समजावून घ्यायला फोन केले होते त्यांचे.

“मग लाव,” ताई म्हणाली. “इथेच उभा राहून लाव. यांना ऐकू दे.”

त्यांनी यादीतला पहिला नंबर लावला. लिंबाची बाग होती त्या माणसाची. तिकडून ‘हॅलो’ आलं. साहेब नेहमीच्या हळू आवाजात म्हणाले, “मी प्रयोगशाळेतून बोलतोय. तुमच्या मातीच्या अहवालात चूक आहे.”

“काय? ऐकू येत नाही. मागे कसला आवाज येतोय? मोठ्याने बोला.”

उरलेल्या तीन ओळींतलं तिसरं झाड करकरत कलत होतं. उभ्या आयुष्यात कधी ओरडून न बोललेल्या त्या माणसाने दुसरा कान बोटाने बंद केला.

“चूक आहे,” ते ओरडले. “जस्त पुरेसं नाही. मी चुकीचं लिहून दिलं.”

दाजींनी मागे वळून बघितलं नाही. ड्रायव्हरने मात्र क्षणभर यंत्राचा जोर कमी केला, आणि मग पुन्हा वाढवला.