षष्ठीचा प्रत्यय

“मुलगी होती ती,” पंडित म्हणाले. “तू तिचा मुलगा करून टाकलास.”

नव्या मुलीला काहीच कळेना. प्रयोगशाळेत लागून तिला फार दिवस झाले नव्हते. लेखाचा मसुदा टाइप करताना जिवाणूच्या नावाच्या शेवटी ‘ए’च्या जागी तिच्या हातून ‘आय’ पडला होता, एवढंच.

“पुरुषाच्या नावावरून नाव केलं तर आय. बाईच्या नावावरून केलं तर ए. शाळेत षष्ठीचे प्रत्यय घोकलेस की नाही? चा, ची, चे. तसंच आहे हे. फरक इतकाच, आपण वस्तू कोणती ते बघतो, लॅटिनमध्ये माणूस कोण ते बघतात. आपल्या भाषेत तीन लिंगं आहेत, लॅटिनमध्येही तीनच. ‘मोठी बैल’ असं म्हणतेस का कधी?”

कोपऱ्यातलं कुणीतरी सवयीने हसलं आणि लगेच गप्प झालं. मॅडमनी, म्हणजे विभागप्रमुखांनी, नव्या मुलीला बाहेर बोलावलं आणि हळूच सांगितलं, “अगं, त्यांचीच मुलगी ती. गेली मागच्या वर्षी.”

नवी मुलगी डोळे पुसून परत आली आणि माफी मागायला लागली. पंडित मान वर न करता म्हणाले, “माफी कसली मागतेस? दुरुस्त कर.”

पंडित हे त्यांचं नाव नव्हे, पण आख्खी संस्था त्यांना तेच म्हणायची. नवा जिवाणू सापडला की त्याला लॅटिन नाव बेतून द्यायचं काम त्यांचं. दोन शब्दांचं नाव. पहिला शब्द आडनावासारखा, दुसरा त्याचा स्वतःचा. दुसरा विशेषण असेल तर लिंग जुळलं पाहिजे, विभक्ती बरोबर पाहिजे, ग्रीकचं शेपूट लॅटिनला चिकटता कामा नये. लोक वर्षानुवर्षं चिखल आणि गटारं उपसून जिवाणू शोधायचे आणि पंडित पाच मिनिटांत त्यांच्या नावाची चिरफाड करायचे. एकदा एका म्हाताऱ्या संशोधकाने आपल्या गेलेल्या बायकोचं नाव जिवाणूला दिलं होतं आणि प्रत्यय चुकवला होता. “आयुष्यभर जिच्याबरोबर राहिलात, तिचं लिंग तरी आठवायचं,” असं पंडित त्याला भर सभेत म्हणाले होते. सभा खो खो हसली होती.

त्यांची बायको सरकारी दवाखान्यात सिस्टर होती. तिथे तिलाही नावाने कुणी हाक मारत नसे. दोघांना एकच मुलगी. एका जागी दोन मिनिटं बसली तर शपथ; जेवताना उठायची, अभ्यास करताना फिरायची, म्हणून तिचं नाव पडलं भिंगरी. कॉलेजात गेली तरी घरीदारी भिंगरीच.

तिला अपेंडिक्सचा त्रास झाला तेव्हा पंडित खाजगी दवाखान्यात न्यायचं म्हणत होते. सिस्टर म्हणाली, “आमच्याकडेच करू या ना. सगळी आपली माणसं आहेत. मी असेन जवळ.” ऑपरेशन चांगलं झालं. दुसऱ्या दिवशी भिंगरी कॉटवर मांडी घालून बसली आणि वॉर्डातल्या मावशींकडे झाडू मागायला लागली, म्हणाली, कंटाळा आलाय. मग ताप आला. रक्तात काहीतरी वाढत होतं. कुठल्याच औषधाला ते दाद देईना आणि ते काय आहे हेही कुणाला सांगता येईना. शेवटच्या दिवशी सिस्टरने डॉक्टरांना बाजूला सारलं आणि स्वतःच्या हाताने तिच्या छातीवर दाब देत राहिली. दोन बरगड्या मोडल्याचा आवाज तिने ऐकला.

पंडित रडले नाहीत. दवाखान्यातून घरी आल्यावर बूट काढता काढता ते एवढंच म्हणाले, “जवळ असणार होतीस तू.” पुन्हा तो विषय त्यांनी कधी काढला नाही. काढायची गरजच उरली नव्हती.

रक्तातला जिवाणू त्यांच्याच संस्थेत तपासायला आला. तो नवीन निघाला, जगात कुठेही नोंद नसलेला. नाव काय द्यायचं यावर मॅडमनी बैठक घेतली. कुणी म्हणालं रक्तावरून ठेवू, कुणी म्हणालं याचे भाऊबंद पाण्यात सापडतात, पाण्यावरून ठेवू. पंडितांनी सगळं ऐकून घेतलं आणि फळ्यावर एक शब्द लिहिला. भिंगरीए.

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. “घरी विचारलंत का?”

“घरी काय विचारायचंय?” पंडित म्हणाले. “नाव व्याकरणात बसतंय.”

लेख छापून आला तेव्हा त्यांनी अंक घरी नेला आणि जेवणाच्या टेबलावर, सिस्टरच्या ताटाशेजारी, ते पान उघडून ठेवला. सिस्टरने हात पुसले आणि वाचलं. नावाच्या खाली नियमाप्रमाणे नावाचा अर्थ दिला होता: भिंगरीचा, ज्या तरुणीच्या रक्तातून हा जिवाणू प्रथम मिळाला, तिच्या घरगुती नावावरून.

“ह्यानेच मारलं ना तिला?” तिने विचारलं.

“हो.”

“आणि ह्याला तिचं नाव दिलंत?”

“तिचं नाव नाही दिलेलं. नीट वाच. षष्ठी आहे ती. भिंगरी नव्हे, भिंगरीचा.” पंडितांचा आवाज कधी नव्हे तो मऊ झाला होता. “अगं, आता जगातला कुठलाही माणूस हा शब्द उच्चारेल. शंभर वर्षांनीसुद्धा. अमर झाली पोरगी.”

“काढा ते.”

“निघत नाही. छापून झालं, मान्य यादीत गेलं की संपलं. अक्षर चुकलं असेल, लिंग चुकलं असेल, तर दुरुस्ती होते. कुणाला नकोसं झालं म्हणून नाव बदलत नाहीत.”

“मग चुकवायचं होतंत,” सिस्टर म्हणाली. “एवढं एक चुकवायचं होतंत.”

पंडितांना हे खरोखरच लागलं. “मी?” ते म्हणाले.

काही महिन्यांत ते नाव दवाखान्यात पोचलं. आडनावासारखा तो पहिला शब्द लांबलचक आणि जीभ अडकवणारा होता. तरुण डॉक्टरांनी तो कधीच सोडून दिला. शेवटचा प्रत्ययही झडला. उरली भिंगरी.

ही डॉक्टर मंडळी नवी होती, बदलून आलेली. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं, आणि ज्यांना माहीत होतं त्यांना सांगायचा धीर होत नव्हता. अतिदक्षता विभागाच्या फळ्यावर रोग्याच्या पुढे लाल खडूने लिहिलेलं असायचं: भिंगरी. सकाळी पाळी बदलताना सिस्टरने ते वाचून दाखवायचं आणि पुढच्या पाळीच्या सिस्टरने लिहून घ्यायचं.

“सिस्टर, पाच नंबरला भिंगरी आलीय.”

“भिंगरीला मारायला साधं फिनेल पुरत नाही हो, दुसरं मागवा.”

“भारी चिवट बया आहे ही.”

सिस्टर ‘हो डॉक्टर’ म्हणायची आणि हातमोजे चढवायची. वॉर्डातल्या मावशी तेवढ्या तो शब्द तोंडातून काढत नसत. “सिस्टर, पाच नंबरला ते आलंय,” असं त्या जमिनीकडे बघून सांगायच्या.

एकदा दवाखान्याने पंडितांनाच व्याख्यानाला बोलावलं. सिस्टर मागच्या रांगेत भिंतीला टेकून बसली होती. एका तरुण डॉक्टरने उठून विचारलं, “सर, ही भिंगरी ऑपरेशन थिएटरपासून वॉर्डापर्यंत सगळीकडे कशी काय फिरते?”

“भिंगरीए,” पंडितांनी सुधारलं. “षष्ठी आहे.” पण मग ते हसले. लोकांसमोर ते हसत नसत. “ती एका जागी बसणारी नाहीच,” ते म्हणाले.

सभागृहही हसलं. सिस्टर उठून बाहेर गेली आणि व्हरांड्यातल्या सिंकवर कोपरापर्यंत हात धूत राहिली.

घरी पंडितांनी एक नवीन सवय लावून घेतली होती. एरवी दवाखान्याची चौकशी न करणारा हा माणूस आता जेवायला बसताना विचारू लागला, “आज कुठे सापडली?”

पहिल्यांदा सिस्टरला वाटलं, कामापुरतं विचारतायत. तिने सांगितलं, दोन नंबरला. पंडितांनी मान डोलावली आणि ते नीट जेवले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सापडली म्हटलं की ते भात मागून घ्यायचे. नाही सापडली म्हटलं की पानात चिवडत बसायचे. एकदा ती म्हणाली, “आज एक म्हातारी गेली तिच्यामुळे.” पंडित म्हणाले, “अच्छा,” आणि मग काही वेळाने, “म्हणजे वरच्या मजल्यावरही पोचली.”

त्या संध्याकाळी सिस्टरने आपल्या नवऱ्याकडे नीट पाहिलं. हा माणूस बातमीची वाट बघत होता. परगावी गेलेल्या मुलीची बघावी, तशी.

दुसऱ्या दिवशी ती दवाखान्याच्या अधीक्षकांकडे गेली आणि संसर्ग नियंत्रणाचं काम आपल्याला द्या म्हणाली. ते काम कुणालाच नको असायचं, तिला लगेच मिळालं. तिने प्रत्येक नळाची, प्रत्येक सिंकच्या जाळीखालची चिकट घाण कापसाच्या बोळ्यावर घेऊन तपासायला पाठवली. थिएटरबाहेर डॉक्टर हात धुतात त्या सिंकच्या पाइपात मूळ सापडलं. बहुधा वर्षानुवर्षं ते तिथेच होतं. तिने सिंक फोडायला लावले, पाइप उपसायला लावले. गवंड्यांच्या डोक्यावर उभी राहून काम करून घेतलं. हात न धुता कॉटला हात लावणाऱ्या एका मोठ्या सर्जनला तिने रोग्यांसमोर झापलं. पडदे जाळले. मावशींबरोबर गुडघ्यावर बसून तिने स्वतः फरशी घासली.

“सिस्टर, पुरे की आता,” मावशी दम खात म्हणाल्या. “हाताची सालं निघाली बघा.”

“तो कोपरा राहिलाय,” सिस्टर म्हणाली.

हळूहळू फळ्यावरचा लाल खडू कमी झाला. मग नुसताच पुसलेला फळा राहायला लागला. तपासण्या पुन्हा झाल्या, आणि पुन्हा. शेवटचा अहवाल आला तेव्हा तो तरुण डॉक्टर जिना उतरून धावत खाली आला. “सिस्टर! मेली भिंगरी! आख्ख्या दवाखान्यात कुठे नाही. तुम्हीच मारलीत तिला!” त्याने तिचा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला. जमलेल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मावशी तेवढ्या बादली उचलून बाहेर गेल्या.

संध्याकाळी सिस्टरने पानं वाढली. पंडित बसले, पाणी प्याले आणि त्यांनी विचारलं, “आज कुठे?”

“कुठेच नाही.”

“म्हणजे आज नाही.”

“आज नाही, उद्याही नाही. संपली ती. पाइपातून काढली, भिंतीतून काढली. पुन्हा पुन्हा तपासलं. मी काढली.”

पंडितांचा घास हातातच राहिला. “नमुना आहे आमच्याकडे गोठवलेला,” ते म्हणाले. “तो ठेवावाच लागतो.”

“असू दे. गोठलेला आहे ना? तो कुठे फिरत नाही.”

घास ताटात ठेवून पंडित उठले आणि आतल्या खोलीत गेले. दार लागलं. मग आतून एक आवाज आला. एवढ्या वर्षांच्या संसारात तो सिस्टरने कधी ऐकला नव्हता. दवाखान्यात मात्र रोज ऐकला होता. बातमी नुकतीच कळलेल्या माणसाचा आवाज.

ती उठली नाही. पातेलं जवळ ओढून तिने आणखी भात वाढून घेतला आणि सावकाश, नीट चावून, ताटातला सगळा संपवला.